ठरवून चुकलेली उत्तरं

आई, तीर्थपुरीहून निघाले त्या सकाळी तू एसटीच्या खिडकीखाली उभी होतीस आणि माझ्याकडे बघत नव्हतीस. यांना बीएड करायचं होतं, विज्ञान शिकवायचं. कॉलेज औरंगाबादला, पण ओळखीतून खोली मिळाली जालन्यात, मस्तगडला. हे रोज रेल्वेनं जाणार होते. आबा यांना म्हणाले, "जावईबापू, पाचवीच्या वर्गात दुसरी एक बी पोरगी न्हवती म्हणून हिला घरी बसवलं. हिची सातवी तेवढी करून घ्या." हे म्हणाले, "बिलकुल, मामा."

त्या खोलीत संध्याकाळी मी वर्ग व्हायचे. दुसऱ्या दिवशी कॉलेजात घ्यायचा सरावपाठ हे आधी माझ्यासमोर घेत. तीन पुठ्ठ्यांना भोकं पाडून पलीकडे मेणबत्ती लावत आणि विचारत, "उजेड कसा जातो?" मी सांगायचे, "सरळ." मधला पुठ्ठा सरकवला की ज्योत का दिसत नाही, तेही सांगायचे. इतके प्रश्न मला जन्मात कुणी विचारले नव्हते. त्या दिवसांत तुमची आठवणसुद्धा कमी यायची.

पण शाळेतला यांचा पहिलाच पाठ फसला. मुलांनी भलतीच उत्तरं दिली, हे अडखळले, पाठ तपासायला मागे बसलेल्या कॉलेजच्या सरांनी सगळ्यांदेखत झापलं. घरी येऊन म्हणाले, "तुझ्यामुळं झालं. तू समदं बराबर सांगतीस. खरी पोरं अशी असतात का? उद्यापासून चुकत जा."

"कसं चुकू?"

"सुचंल तसं. ढ पोरगी हो."

आम्ही दोघंही हसलो. मग मी चुकू लागले. उजेड वाकडा जातो म्हणाले, चंद्रात त्याची स्वतःची रॉकेलची चिमणी जळते म्हणाले. हे न रागावता समजावत. यांचे पाठ रंगू लागले. एकदा पेढे घेऊन आले आणि म्हणाले, "शाबास! काल लई ढ होतीस."

यांना पदवी मिळाली. नवीन जालन्यातल्या शाळेत नोकरी लागली, भिंतीवर चित्रं दाखवायचं यंत्र यांच्या ताब्यात आलं. आता पाठाला मी लागत नव्हते. एकदा यांचे सोबती चहाला आले असताना मी धीर करून सातवीच्या परीक्षेचं विचारलं. हे हसून त्यांना म्हणाले, "वर्षभर शिकवलं, तरी हिचा उजेड वाकडाच जातो." सगळे हसले. मला वाटलं, ते गेल्यावर हे खरं बोलतील. ते गेल्यावर हे समजावणीच्या सुरात म्हणाले, "मनाला लावून घेऊ नको. तुला झेपायचं न्हाई ते."

चुकायला कुणी सांगितलं होतं, ते हे विसरून गेले होते. मला ते बोलता आलं नाही. आता कुणी काही विचारलं की माझ्या तोंडात आधी चुकीचंच उत्तर येतं. खरं कोणतं, ते मागून शोधावं लागतं, आणि कधी कधी सापडत नाही.

आई, तू बायकांना सांगतेस म्हणे, "माझी लेक जालन्यात शिकून राह्यली." म्हणून मी सणालाही येत नाही. मला अजून हुशार समजणारं एक तेवढंच घर आहे. मी आले तर तेही राहणार नाही.