नुसता लिंबाचा वास

उन्हाळ्यासाठी लिंबू-संत्र्याच्या वासाचं हलकं अत्तर घ्यायला मी दुकानात गेले होते. शेजारी एक काका एकेक अत्तर मनगटावर लावून हुंगत होते. "यात गोडवा आहे, नको," म्हणत पुढचं मागत होते. शेवटी नाकच बधिर झालं असावं. त्यांनी हात माझ्यापुढे केला.

"ताई, हा नुसता लिंबाचाच वास आहे ना? केमो सुरू झाल्यापासून आमच्या हिला दुसरा वासच सोसत नाही. माझासुद्धा. मला तिच्याजवळ बसायचंय हो."

आपल्या माणसाचा वास म्हणजे केवढा आधार. तोच असा आड यावा?

मी हुंगलं. लिंबाखाली घाम होता, दवाखान्यातलं फिनेल होतं, काका होते.

"लिंबाचाच आहे," मी म्हटलं.