पटाशीचे पाते

नव्या कपाटाचे दार घासत होते, म्हणून फर्निचरच्या कंपनीने मोहनदादांना पाठवले. पूर्वी ते स्वतःच्या नावाने सुतारकाम करत. आता अंगात कंपनीचा निळा शर्ट होता. बिजागरीची खाच खोल करताना सागाचा कडवट गंध सुटला आणि माझी नजर त्यांच्या पटाशीवर गेली. धार लावून लावून तिचे पाते बोटाच्या पेराएवढे उरले होते.

"कंपनी नवी देत नाही?"

"शर्ट देते, ताई. त्यावर तिचं नाव असतं ना. हत्यारं ज्याची त्यानं आणायची." ते दमल्यासारखे हसले. "खंडेनवमीला मात्र सगळी पूजेला मांडायला सांगतात. साहेब हळदकुंकू वाहतात, फोटो निघतो. तेवढ्यापुरती कंपनीची."

"आणि ही संपली की?"

"अजून दोन-चार दारं निघतील हिच्यातून. मग बघू."

लाकूड झिजते ते दिसते. लोखंड इतके हळू झिजते, की ते कुणासाठी झिजले हे विचारायचेच राहून जाते. मनगटाचेही तसेच असावे.

दार अलगद मिटले. मोहनदादांनी पटाशीवरचा भुसा कंपनीच्या शर्टाला पुसला, छातीवरच्या नावापाशीच. आणि घरून आणलेल्या मऊ, विटक्या लुगड्याच्या तुकड्यात तिला गुंडाळून ठेवले.