तळटीप क्रमांक अकरा

ये गं, जवळ बस. म्हणजे पुण्यात आहेस तिथेच बस, पण हा कागद जवळ धर आणि तो फोन बाजूला ठेव. परवा फोनवर तू म्हणालीस, ‘मावशी, पुरे आता तुझी ती निबंधस्पर्धा. कोण वाचतं हल्ली?’ तुला कडेवर घेऊन केळीच्या वाडीत फिरवलेली आहे, म्हणून रागावत नाही. पण एवढी शिकलीस आणि एका वाक्यात दोन चुका केल्यास! ती निबंधस्पर्धा नाही, शोधनिबंधांची स्पर्धा आहे. ‘माझी आई’ आणि ‘मी पंतप्रधान झालो तर’ आमच्याकडे येत नाहीत. आणि कोण वाचतं म्हणून काय विचारतेस? मी वाचते. एकेक अक्षर वाचते. का, ते आज नीट ऐक.

आमच्या गावच्या वाचनालयाने ही स्पर्धा काढली तेव्हा उमेळ्याकडच्या वाड्या नुकत्या विकल्या जाऊ लागल्या होत्या. काल जिथे पानवेल होती तिथे आज जिना. वाचनालयातल्या चार मंडळींना वाटलं, जातंय ते जातंय, निदान लिहून तरी ठेवू. तालुक्यातल्या कुणीही इथल्या इतिहासावर पुराव्यासकट लिहावं, मार्गशीर्षात बक्षीस. बक्षीस म्हणजे एक शाल, एक जाडजूड शब्दकोश आणि आमच्या वाडीतला राजेळी केळ्यांचा लोंगर, म्हणजे अख्खा घड. पण खरा मान पुढे होता. पहिला आलेला निबंध, ज्याने लिहिला त्याने स्वतः उभं राहून गावासमोर पूर्ण वाचायचा. तास लागो, दीड तास लागो, मधे कुणी उठायचं नाही.

माझा या सगळ्याशी संबंध चहापुरता. सातवी झालेली बाई, सभा असली की किटली घेऊन हजर. पहिल्याच वर्षी जुंपली. परीक्षक सर मुंबईच्या कॉलेजातून निवृत्त झालेले, पण मूळचे इथलेच. त्यांनी निम्म्या लोकांची अक्षरं ओळखली. बक्षीस कुणालाही दिलं तरी गाव म्हणणार, ओळखीचा होता. कपात चहा ओतता ओतता मी बोलून गेले, ‘मग सगळे निबंध एकाच हाताने उतरवून काढा. नावं पाकिटात बंद. निकाल लागला, निबंध वाचायची वेळ आली, की पाकीट फोडा.’

‘आणि उतरवणार कोण?’

‘मी.’

हसले की सगळे! आमचे अध्यक्ष, गावातल्या थोरल्या घराचे कर्ते, म्हणाले, ‘वहिनी, ही वाणसामानाची यादी नाही.’

मी म्हटलं, ‘भाऊ, यादीत एक ओळ गळली तर घर उपाशी राहतं. एवढी काळजी तुमच्यातल्या कुणी घेतो का लिहिताना?’

काम मिळालं. आणि पहिल्याच फटक्यात मी माती खाल्ली. निबंध उतरवताना बघते तर प्रत्येक पानाच्या तळाशी रेघ मारून बारीक अक्षरात काहीबाही लिहिलेलं. आकडा, कसलं तरी दप्तर, कुणा म्हातारीचं वय. मला वाटलं, लिहिणाऱ्याने आठवणीसाठी खरडून ठेवलंय, आपण पदराला गाठ मारतो तसं. मी ते सगळं सोडून दिलं. स्वच्छ, सुंदर नकला करून सरांना पाठवल्या. आठ दिवसांनी सर दारात. ‘बाई, नऊच्या नऊ निबंधांना एकही पुरावा नाही! गावाला झालंय काय?’

मी मुळातले कागद पुढे केले. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, ‘बाई, वर आहे ते त्याचं बोलणं. खाली आहेत ते त्याचे साक्षीदार. तुम्ही सगळे साक्षीदार घरी पाठवलेत.’

नऊ निबंध पुन्हा उतरवले. त्या दिवसापासून तळटीप म्हणजे माझ्यासाठी देवापुढचा दिवा. वरचं वाक्य एकवेळ वाकडं येईल, पण खालची टीप हलणार नाही. आणि त्यातच मी शिकले गं. राजोडीच्या कोळ्यांच्या जाळ्यांचे प्रकार, मिठागरांतल्या मजुरांची गाणी, देवळांच्या इनामांचे कागद, चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदींवरून लावलेल्या वंशावळी. वालीवच्या एका कारखान्यात लेथवर उभा राहणारा माणूस जुन्या बंदरावर वीस पानं लिहायचा. माझी शाळा सातवीत सुटली, कॉलेज माझ्या ओट्यावर भरलं.

आता मुद्द्याचं. पाचसहा वर्षं झाली होती. एका दुपारी थोरल्या घरची धाकटी सून आली, अध्यक्षांचीच सून. देशावरची मुलगी, इतिहास घेऊन बी. ए. झालेली, आजोबांकडून मोडी वाचायला शिकलेली. हातात केळीच्या पानात बांधलेलं पुडकं. मला वाटलं, सुकवलेली केळी, सुकेळी आणली. सोडलं तर आत निबंध.

विषय होता आमच्या गावातली बावखलं. तुला आठवतंय ना बावखल? वाडीच्या कडेला खणलेलं छोटं तळं, पावसाचं पाणी धरून ठेवणारं, ज्याच्यावर उन्हाळाभर केळी जगतात. आमच्या गावातलं सगळ्यांत मोठं बावखल अध्यक्षांच्या पणजोबांनी एकट्याने खणलं, असं त्यांच्या घरात सांगत, आणि आम्हीही मान डोलवायचो. त्या वर्षी ते बुजवून तिथे इमारत उठवायचं अध्यक्षांच्या मनात होतं. पोरीने लिहिलं होतं, की ते बावखल सात घरांनी मिळून खणलंय, पाण्याच्या पाळ्या ठरवल्यात, आणि सातांच्या संमतीशिवाय कुणी ते बुजवू नये असा लेखी करार आहे.

‘करार कुठंय?’ मी विचारलं.

‘तळटीप अकरा बघा काकी.’

बघितली. ‘मूळ करार, मोडी लिपी, एक पान, वरच्या कडेला हळदकुंकवाचे डाग. गावातील थोरल्या घराच्या देव्हाऱ्याखालील पेटीत.’

म्हणजे झालं होतं असं, की त्या घरात मोडी कुणालाच येत नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या तो कागद देवाचा समजून दर दसऱ्याला पेटीतून काढायचे, त्याला हळदकुंकू वाहायचे, हात जोडायचे आणि परत ठेवायचे! स्वतःच्या विरुद्धचा करार पुजत होते बिचारे.

मला हसू आलं, पण लगेच पुढचं दिसलं. ही टीप वाचली की अध्यक्षांना कळणार, लिहिणारं माणूस घरातलंच आहे. निकालानंतर, समारंभाच्या आधी, नक्कल त्यांच्याकडे जाते. नाव आधी फुटलं तर पोरीला माहेरी धाडतील, ती उभीच राहणार नाही, निबंध वाचला जाणार नाही, आणि बावखलात माती पडेल. मी हळूच म्हटलं, ‘ही एक टीप गाळू का गं? पहिल्या वर्षी मी नऊ निबंधांच्या गाळल्या होत्या. बाई पुन्हा चुकली म्हणतील.’

ती म्हणाली, ‘काकी, ती गाळलीत तर मग मी नुसती सासरची तक्रार लिहिलीय.’

उतरवली. शब्दन्‌शब्द. हळदकुंकवाच्या डागांसकट. नावाचं पाकीट चिकटवून तांदळाच्या पिंपात खाली सारलं.

सरांनी निबंध पहिला काढला. कुणाचा ते त्यांना ठाऊक नव्हतं, एवढंच म्हणाले, ‘असा साक्षीदार मी आयुष्यात पाहिला नाही.’ आणि नक्कल पोचली त्याच सकाळी अध्यक्ष आमच्या ओट्यावर. बोट बरोबर अकराव्या टिपेवर.

‘वहिनी, माझ्या घरात सात माणसं. यातलं कोण, ते सांगा.’

‘समारंभाच्या दिवशी सांगते.’

‘पाकीट कुठंय?’

‘आहे तिथे बंद आहे.’

‘अध्यक्ष मी आहे.’

‘म्हणून तर नियम तुम्हाला पाठ हवा भाऊ. त्याखाली सही तुमचीच आहे.’

मग आवाज चढला. अक्षर तुमचंच, निबंधही तुम्हीच लिहिला असेल म्हणाले. मी म्हटलं, ‘वा! सातवीवाली मी, मोडी वाचते? एवढं प्रमाणपत्र आजवर कुणी दिलं नव्हतं.’ जाताना म्हणाले, ‘वाचनालयाची किल्ली माझ्याकडे असते, विसरू नका.’

‘ठेवा की. स्पर्धा काय कपाटात राहते?’

ते गेल्यावर तुझे काका आतून बाहेर आले. भले माणूस, भांडणाला भ्यायचे. म्हणाले, ‘अगं, आपल्याला या गावात राहायचंय.’

मी म्हटलं, ‘तेच तर. राहायचंय, तर पाणी नको?’

समारंभाच्या दुपारी वाचनालयाला कुलूप. लोक बाहेर उभे, सर बॅग घेऊन उभे, राजोडीहून दोन बायका आल्या होत्या त्या उभ्या. मी कुणाला काही विचारलं नाही. शाल खांद्यावर टाकली, शब्दकोश सरांच्या हातात दिला आणि म्हटलं, ‘चला, केळ्यांचा लोंगर एवीतेवी आमच्याच ओट्यावर टांगलाय.’ सतरंज्या शेजाऱ्यांनी आणल्या. अंगण भरलं. जी सात घरं करारात होती, त्यांतल्या सहांची माणसं पुढे बसली होती. खोटं कशाला बोलू, त्यांना मी आदल्या दिवशी दारोदार जाऊन आमंत्रण दिलं होतं. विषय सांगितला होता, नाव नाही. अध्यक्षही आले. बसले नाहीत, फाटकाशी उभे राहिले.

मी पाकीट फोडलं, चार तांदूळ खाली पडले. नाव वाचलं.

मग मागच्या रांगेतून ती उठली. नवऱ्याकडे बघितलं नाही, सासऱ्याकडे बघितलं नाही, सरळ पुढे आली आणि वाचायला लागली. पहिलं पान घाईत वाचलं, तिसऱ्या पानापर्यंत लय लागली. अकराव्या आकड्यापाशी आली तशी थांबली, पान थोडं वर धरलं आणि तळटीपसुद्धा वाचली. तळटिपा कुणी मोठ्याने वाचत नाही. तिने वाचली.

फाटकाशी अध्यक्ष ओरडले, ‘तो आमचा देवाचा कागद आहे!’

ती म्हणाली, ‘हो बाबा. दर दसऱ्याला आपण त्याची पूजा करतो. यंदा मी तो वाचला.’

राजोडीहून आलेल्या दोघींतली म्हातारी मोठ्याने म्हणाली, ‘बाये, पानी काय कोनाच्या एकट्याच्या बापाचा असते?’ आणि मग त्या सहा घरांतला एक म्हातारा उठला, अध्यक्षांकडे वळून म्हणाला, ‘दादा, आमची सही मागायला येऊ नका. मिळणार नाही.’ अध्यक्ष फाटक आपटून गेले. पोरीने उरलेली चार पानं वाचली. मधे कुणी उठलं नाही.

सगळं गोड झालं असं समजू नकोस. सासऱ्याने तिच्याशी वर्षभर तोंड उघडलं नाही. मला त्यांच्या घरच्या लग्नाची पत्रिका आली नाही ती आजतागायत. वाचनालयाचं कुलूप दोन वर्षं तसंच राहिलं. शेजारची दोन लहान बावखलं बुजली, त्यांचे कागद कुणाच्या पेटीत निघाले नाहीत. पण मोठं आहे. अजून आहे. ओट्यावर बसलं की त्यातलं आभाळ दिसतं. कुलूप निघालं तेव्हा किल्ली घेऊन माणूस आला होता, ‘स्पर्धा परत तिकडे न्या’ म्हणाला. मी सांगितलं, पुस्तकं तुमच्याकडे ठेवा, स्पर्धा इथेच बरी आहे.

तेव्हापासून ती ओट्यावरच भरते. आणि तू म्हणतेस बंद कर! तीच पोर आता मोडीचे कागद घेऊन दर महिन्याला माझ्याकडे येते, लोक आपापल्या देव्हाऱ्याखालच्या पेट्या उघडून दाखवायला लागलेत. ज्या दिवशी मी ‘पुरे’ म्हणेन, त्या दिवशी त्या पेट्या पुन्हा बंद होतील. नाही म्हणणार.

आता बरेच जण टाईप करून आणतात. पण हाताने लिहिलेले यंदाही सहा आलेत, ते उतरवावेच लागतील, आणि माझा हात दोन पानांनंतर थरथरतो. बाकी चालेल, तळटिपांत आकडा हलता कामा नये. तुझं अक्षर लहानपणापासून टपोरं आहे आणि या गावात ते कुणी ओळखत नाही. तेव्हा या रविवारी ये. भरताला वांगं ठेवते, कोपऱ्यातला लोंगरही पिकायला आलाय. चांगलं पेन घेऊन ये.