गाल फुगवणारे मामा

जगातला सगळ्यात लबाड सॅक्सोफोनवाला मी शिरूरच्या एका लग्नात पाहिला. दौंडची जोडी होती ती. एक मामा कीबोर्डवर, दुसरे सॅक्सोफोनवर. हे दुसरे मामा गाल असे फुगवायचे, की एकेका गालात निम्मं वऱ्हाड मुक्कामाला राहिलं असतं. सूर तर पार घोडनदी ओलांडून जात होते.

भर दुपारी लाईट गेली. कीबोर्ड बंद पडला, आणि त्याच क्षणी सॅक्सोफोनही! मामांचे गाल मात्र फुगलेलेच, बोटंही चालूच.

“मामा, तुमचा बाजा बी लाईटीवर हाय व्हय?” नवरीचा चुलता ओरडला. मांडव हसून हसून फूटभर खचला.

मामांनी सॅक्सोफोन तोंडातून काढला. पुढचा एकही दात शिल्लक नव्हता. “दात गेलं तवापास्नं फुंकता येत न्हाई. ह्यो कीबोर्डवालाच माझं बी सूर बटणावर काढतो.”

“मग खाली बसा की! शोभेला कशाला?” मीही तोंडसुख घेतलं.

मामा खाली बसले. लाईट आली. नवरी सजून दारात खोळंबलेली, एंट्रीचं गाणं वाजेना. चुलता कीबोर्डवाल्याला म्हणाला, “तुम्ही एकट्यानंच वाजवा.”

त्यानं दोन्ही हात मांडीवर ठेवले. “मला एकट्याला वाजवता येत न्हाई.”

म्हणजे लबाड एक नव्हता, दोन होते!

चुलत्यानं हात टेकले. “फुगवा मामा, फुगवा!”

नवरी वाजतगाजत आत आली. मी मात्र त्या गालांकडंच बघत राहिलो.