उम्म सैफच्या ओव्या

खतीजाला अरबी कुणी शाळेत शिकवली नाही. सव्वीस वर्षांपूर्वी लग्न होऊन ती राजापूरहून अमिरातीतल्या फुजैराला आली. नवरा जहूर बंदरावर तेलाच्या टर्मिनलमध्ये कारकून, दिवसभर बाहेर. भिंतीपलीकडे उम्म सैफ, म्हणजे सैफची आई. या बाईने तिला आधी मासे भाजायला शिकवले. कोकणातल्या पोरीला मासे शिकवायला निघालेली ही पहिलीच बाई! मग शिकवलं भांडायला, आणि मग जात्यावरची गाणी.

जातं केव्हाच गेलं होतं, पीठ सुपरमार्केटातून यायचं. पण दुपारी बायका जमल्या की उम्म सैफ मांडीवर हात फिरवत गायची. तिचा नवरा इथे तेल निघायच्या आधी कुवेतला मजुरीला गेला होता आणि येताना दुसरी बायको घेऊन आला होता. तोंडावर ती त्याला एक शब्द बोलली नाही. जे बोलायचं ते जात्याशी बोलली.

‘कुवेतचं तुझं घड्याळ फार शहाणं, नवऱ्या,
दोन घरच्या वेळा पाळतं,
माझ्या दारी आलं की बंद पडतं.’

कोकणातल्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. उम्म सैफचा नवरा मरून वीस वर्षं झाली, मुलगे बापाचं नाव अदबीने घेतात, आणि हे गाणं कुठल्याही पुरुषाच्या कानी कधी गेलं नव्हतं.

अशात डॉक्टर हेडविग आली. ऑस्ट्रियातल्या बेकरीवाल्याची मुलगी. एकोणिसाव्या वर्षी गावच्या लायब्ररीत अरबी कवितांचं एक पुस्तक तिच्या हाती लागलं आणि तिचा जन्म त्यापायी गेला. कैरो, मस्कत, आता फुजैरा. सगळा संसार दोन सुटकेसांत. तिचं म्हणणं असं, की अरबी साहित्य म्हणून जे पढवतात ते अर्धंच आहे, उरलेलं अर्धं बायकांच्या तोंडी आहे आणि त्यांच्याबरोबर कबरीत चाललंय. बाई खरंच विद्वान होती, तो मान काढून घेता येत नाही. जमिनीवर मांडी घालून बसायची, खतीजाच्या हातचं बोंबलाचं कालवण बोटं चाटून खायची. आमच्याकडेही जात्यावर बसलं की ओवी सुचते, असं खतीजाने सांगितलं तर तिने तेही वहीत टिपून घेतलं. दहावी शिकलेल्या खतीजाला आजवर कुणी काही विचारून वहीत लिहिलं नव्हतं. ती विरघळली.

उम्म सैफ मात्र हलेना. सहा महिने खतीजा तिच्या मागे लागली. शेवटी अट ठरली: डॉक्टरने शब्द लिहून घ्यावेत, आवाज मशीनवर घेतला तरी फक्त तिच्या कानांपुरता, पुरुषाला ऐकवायचा नाही. डॉक्टरने छातीवर हात ठेवून कबूल केलं. चार हिवाळे रेकॉर्डिंगचं मशीन फिरत राहिलं.

एकदा डॉक्टरने विद्यापीठाचा बारा पानी इंग्रजी कागद आणला. “फॉर्मॅलिटी आहे, खतीजा.” उम्म सैफने खतीजाकडे पाहून विचारलं, “वाचलास?” खतीजा म्हणाली, “वाचला.” पान उलटायचे कष्टही तिने घेतले नव्हते. मॅडमवर संशय घ्यायचा कसा? म्हातारीने अंगठा उमटवला, खतीजाने साक्षीदाराची सही ठोकली.

गेल्या वर्षी अबुधाबीत पुस्तकाचा समारंभ झाला. खतीजा नवा अबाया घालून, जहूर आणि मुलगी फिझा यांना घेऊन गेली. पहिल्या रांगेत सैफ बसला होता, कवयित्रीचे चिरंजीव म्हणून आयोजकांनी त्याला बोलावलं होतं. डॉक्टरने खतीजाचं नाव घेतलं, तिला उभं केलं, अख्ख्या सभागृहाने टाळ्या वाजवल्या. जहूरचे डोळे भरून आले. आणि ती उभी असतानाच लाउडस्पीकरमधून उम्म सैफ गाऊ लागली.

घड्याळाची ओवी होती. दोन-अडीचशे माणसं, निम्म्याहून जास्त पुरुष. कुणीतरी कौतुकाने हसलं. सैफ उठला, कुणाकडेही न पाहता बाहेर गेला.

खतीजाने डॉक्टरला जिन्यात गाठलं. “मॅडम, तुम्ही प्रॉमिस केलं होतं!”

“तिसऱ्या पानावर लिहिलंय, आवाज सार्वजनिक वापरता येईल. सही तुमचीच आहे,” डॉक्टर शांतपणे म्हणाली. “हा आवाज मेला असता, खतीजा. मी वाचवला.”

गाडीत फिझा म्हणाली, “अम्मी, यू डिडन्ट ईव्हन रीड इट?”

“चूप बस,” जहूर म्हणाला. “खलास, झालं ते झालं. उसने धोका दिया, तुम्हारा क्या कुसूर?”

खतीजालाही तेच हवं होतं. दिलेलं कालवण आठवून आठवून तिचा संताप होत होता. केसाने गळा कापला बाईने! दोन दिवस तिने मनात वाक्यं जुळवली: ती परकी निघाली, तिने आपल्या दोघींना फसवलं, मी काय करणार. तिसऱ्या दिवशी सकाळी ती शेजारी गेली. उम्म सैफ ओट्यावर खजूर निवडत होती. खतीजाने तोंड उघडलं तोच म्हातारीने विचारलं, “कागद वाचला होतास का?”

“नाही,” खतीजा म्हणाली.

“तेवढंच विचारायचं होतं.” म्हातारीने खजूर बाजूला सारले. “त्या बाईला मी ओळखत नव्हते, तिला बोल कशाला लावू? तुझ्या तोंडाकडे बघून अंगठा दिला मी. सैफ खवळला होता. तुझ्या नवऱ्याच्या ऑफिसात जाणार होता, तुमचा व्हिसा रद्द करण्यापर्यंत गोष्ट नेणार होता. मी त्याला सांगितलं, मला सगळं ठाऊक होतं, माझ्याच मर्जीने झालं. आता तो माझ्याशी बोलत नाही.”

खतीजा रडत तिच्या पायाशी बसायला गेली. उम्म सैफने तिचा दंड धरून तिला उभं केलं.

“तुझं घर राहील, बेटी. फक्त माझ्याकडे आता येऊ नकोस.”