आक्कांच्या सोप्यातली पाकोळी

निपाणीत माझ्या शेजारच्या आक्का सोप्यात बसून विड्या वळतात. मांडीवर तंबाखूचं सूप आणि मान कायम खाली. माणसं त्या पायांवरून ओळखतात. मी गेले की म्हणायच्या, "पुण्याची व्हय? चप्पल घासतीया आज. दमलीस जणू." बोटं तशीच चालू. त्यांचे डोळे कसे आहेत, हे मला कितीतरी दिवस ठाऊक नव्हतं.

यंदा पाऊस सरल्यावर दोन इवले पक्षी आले. निळी पाठ, तांबूस टोपी, शेपटीला दोन तारा. चोचीचोचीनं चिखल आणून त्यांनी आक्कांच्या डोक्यावरच्या तुळईला वाटीएवढं घरटं चिकटवलं. मी कौतुकानं सांगितलं, "आक्का, पाकोळीनं घर केलंय तुमच्याकडं. पिल्लंही आहेत."

बोटं थांबली. "पाकोळी?"

दुसऱ्या सकाळी गेले तर आक्का तोंडाला पदर बांधून, डोळे गच्च मिटून, काठी धरून उभ्या. घरटं फुटून सुपात पडलेलं. तंबाखूत दोन उघडी पिल्लं. हलत नव्हती.

"पाकोळ्यांनी ताप येतोय म्हणं. टीव्हीवर दावत्यात की, उलट्या लोंबकळत्यात त्या."

वटवाघळं! इकडं पाकोळी म्हणजे वटवाघूळ.

तेवढ्यात ते दोघं चिवचिवत आत शिरले आणि तुळईभोवती घिरट्या घालू लागले. आक्कांनी मान वर केली. त्यांचे डोळे घारे आहेत.

"ही तर भिंगरी," त्या म्हणाल्या. "भिंगरी म्हणायचं न्हाय व्हय गं?"