तळेगावच्या थांब्यावर न उतरणारा

पुणे ही विद्येची राजधानी, आणि तळेगाव हे तिच्या वाटेवरचं खेडं, अशी आम्हा नारायण पेठेतल्यांची पक्की समजूत. दोन्हींना जोडणारा राष्ट्रीय महामार्ग इतका तोकडा, की आमच्या कंपनीच्या बसमध्ये डुलकी पुरी होत नसे. राष्ट्र कसलं आणि महामार्ग कसला! खड्डे मात्र राष्ट्रीय दर्जाचे.

उदारीकरण आलं, कंपनीत संगणक आले आणि आमच्या बसमधली मंडळी गळ्यात ओळखपत्राचे पट्टे लटकवून एकमेकांशी इंग्रजीत बोलू लागली. पट्टा काढला की पुन्हा भाजीच्या भावावर घसरत. मीही त्यातलाच, फक्त इंग्रजी थोडं बरं.

तळेगावात रस्त्याला लागूनच माझ्या थोरल्या बहिणीचं घर होतं. कंपनीत जाता-येता बस रोज दोनदा तिच्या फाटकावरून जाई, पण मी कधी उतरलो नाही. आमच्याकडे कळवल्याशिवाय कुणाच्या दारात पाऊल टाकत नाहीत. तळेगावची माणसं चपला वाजवत थेट स्वयंपाकघरात शिरत, तेव्हा मला त्यांची कीव यायची.

मग रस्ता रुंद करायचं ठरलं आणि ताईचं घर त्यात गेलं. महिनाभरात घर सोडून ती मुलाकडे नागपूरला जाणार होती. तिने फोन केला.

"बसमधून उतर आणि ये. या घरात एकदा माझ्या हातचं जेवून जा. कळवायचं काय त्यात?"

महिना सरत आल्यावर मी रीतसर कार्ड टाकलं : महिनाअखेरच्या रविवारी, सायंकाळी साडेपाच वाजता येत आहे.

बरोब्बर साडेपाचला पोचलो. घराला कुलूप होतं आणि ओसरी पाडलेली होती. मनात आलं, काय ही माणसं, साधी वेळ पाळता येत नाही. तेवढ्यात शेजारच्या काकू बाहेर आल्या. कार्ड शुक्रवारी मिळालं होतं, पण ताईची गाडी शनिवारची होती, असं त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता बोलल्या,

"महिनाभर रोज तुमच्या बसच्या वेळेला कुकर लावायच्या. म्हणायच्या, आज उतरेल. फाटकात जाऊन उभ्या राहायच्या."

मला ते ठाऊक होतं. ती दिसू नये म्हणून तो महिनाभर मी बसमध्ये पलीकडच्या बाजूला बसत होतो.